मुनग्याँग सेजे (दक्षिण कोरिया): आईबाबांना घेऊन एका दिवसात कुठून कुठे चालावं?

सुवोनवासी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबा पुण्याहून येताहेत. सोलचे राजवाडे वगैरे होतीलच, पण बाबांना जुन्या घाटवाटांचा भारी सोस. म्हणून एक दिवस खेड्यापाड्याकडे, डोंगरातल्या एखाद्या जुन्या वाटेवर न्यायचं आहे. जिरीसानभोवतीचा दुल्लेगिल पाहिला, पण तो २८० किलोमीटरच्या वर आणि त्यातल्या एकेका टप्प्यालाच दिवस जातो. शेवटी मुनग्याँग सेजेवर बोट ठेवलंय.

आई ६३ वर्षांची, उजवा गुडघा कुरकुरतो, उतारावर जास्त. बाबा ६७, मधुमेह आहे, पण रोज पाच-सहा किलोमीटर चालतात. दोघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही. गाडी नाही, रेल्वे-बसनेच जायचं. निघणार सुवोनहून, बहुधा शनिवारी.

तर वाट कुठल्या टोकाकडून धरावी? तिथे लोक अनवाणी चालतात म्हणे, ते करावं का? आणि एक शंका: फोटोत दिसणारे दरवाजे नि तट खरोखर जुने आहेत की मालिकांच्या चित्रीकरणासाठी उभारलेले? नुसता सेट बघायला बाबांना चार तास चालवणं जिवावर येतंय.

घाटवाट

आधी नकाशा डोक्यात बसवा, मग बाकीचं सोपं आहे.

सेजे ही खिंड. दक्षिणेला मुनग्याँग, उत्तरेला ग्वेसान. दक्षिणेच्या दरीतून ओढ्याच्या काठाकाठाने रस्ता वर येतो आणि त्यावर तीन दरवाजे लागतात. पहिला जुहुलग्वान, साधारण २४५ मीटर उंचीवर. मधला जोगोकग्वान, ३८० मीटर. तिसरा जोर्याँगग्वान, ऐन खिंडीत, ६५० मीटरच्या आसपास. पहिल्यापासून दुसरा ३ किलोमीटर, दुसऱ्यापासून तिसरा साडेतीन. म्हणजे एकूण साडेसहा किलोमीटरमध्ये चढ जेमतेम ४०० मीटरचा. खालच्या टप्प्यात शंभर मीटर चालल्यावर साडेचार मीटर वर जाता, वरच्या टप्प्यात पावणेआठ. सिंहगडाची आतकरवाडीची वाट ज्याने केली आहे त्याला हा चढ वाटणारच नाही. पायऱ्या नाहीत, रस्ता रुंद आहे, चौघं हातात हात घालून चालतील इतका.

यात दोन गोष्टी लोक मोजायला विसरतात. एक, खालच्या वाहनतळापासून पहिल्या दरवाजापर्यंतच किलोमीटरभर चाल आहे. दुसरी, तिसरा दरवाजा म्हणजे शेवट नव्हे. पलीकडे ग्वेसानच्या बाजूला गोसारी नावाची वस्ती आहे, तिथवर आणखी दोन किलोमीटर. हा भाग आखूड पण तीव्र, आणि बराचसा पक्का रस्ता. गुडघ्याला खरा त्रास इथे होतो, सेजेवर नव्हे.

म्हणून माझं मत उत्तरेकडून सुरुवात करण्याचं. गोसारीपर्यंत टॅक्सी, तिथून ४०-५० मिनिटांत चढून तिसरा दरवाजा, आणि मग साडेसहा किलोमीटर सलग मंद उतार. तो तीव्र तुकडा चढताना पार पडतो, उतरावा लागत नाही. ताज्या पायांनी चढ, दमल्या पायांनी सपाटी. आईंसाठी हेच बरं. तिथे पोचायला सकाळचे दहा वाजले तरी फोटो, बसणं, खाणं धरून तीन-साडेतीनपर्यंत आरामात खाली येता.

उजेडाचं भान ठेवा. ऑक्टोबरअखेर तिथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि पश्चिमेला जोर्याँगसानची भिंत उभी असल्याने दरीत सावली त्याआधीच उतरते. सावली आली की दहा मिनिटांत स्वेटर आठवतो. सकाळी तापमान एक आकडी, दुपारी उन्हात शर्टावर चालाल. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा दोन पातळ थर न्या.

रूळओलांड

रेल्वेचं मी सांगतो.

पूर्वी मुनग्याँगला बसच होती, सोलच्या डोंगसोल टर्मिनसवरून साधारण दोन तास. ती अजूनही आहे. पण ३० नोव्हेंबर २०२४ पासून पानग्यो ते मुनग्याँग थेट केटीएक्स, म्हणजे कोरियाची वेगवान रेल्वे, धावते. वेळ दीड तासाच्या आसपास. सुवोनकरांना हे फार सोयीचं, कारण ग्वांग्योहून शिनबुनदांग मेट्रो मार्गाने सरळ पानग्यो गाठता येतं, सोलमध्ये शिरायचं कामच नाही.

मार्गावरची शेवटची स्थानकं क्रमाने अशी: चुंगजू, साल्मी, सुआनबो ओनचॉन, यॉनपुंग, मुनग्याँग. यातच घाटवाट म्हणतात त्या बेताची किल्ली आहे. डोंगराच्या उत्तरेला उतरायचं, दक्षिणेला पुन्हा त्याच मार्गावरची गाडी पकडायची. नकाशात यॉनपुंग जवळ दिसतं म्हणून बरेच जण तिथे उतरतात आणि मग टॅक्सीची वाट बघत बसतात. सुआनबोला उतरा. गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव आहे, हॉटेलं आहेत, त्यामुळे टॅक्सी मिळते. मुनग्याँगच्या टोकाला स्थानक ते सेजे टॅक्सीने दहा-एक मिनिटं, गावातल्या बसही आहेत.

कुठे फसतं ते ऐका. ही रोज पंधरा फेऱ्या मारणारी गाडी नव्हे. मार्ग सुरू झाला तेव्हा दिवसाला जाऊन-येऊन चारच फेऱ्या होत्या. एक चुकली की दुसरी काही तासांनी. पानगळीच्या शनिवार-रविवारी परतीची संध्याकाळची गाडी आधी भरते, सकाळची नंतर. म्हणून तिकीट काढताना परतीचं आधी काढा. विक्री महिनाभर अगोदर उघडते. जमलं तर शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार घ्या. ऑक्टोबरात पायथ्याशी मुनग्याँगच्या सफरचंदांचा महोत्सव असतो, त्या दिवसांत गावातली बससुद्धा वाहनतळाच्या रांगेत अडकते.

फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. गुगलचा नकाशा कोरियात चालायचा रस्ता नीट दाखवत नाही. बस-मेट्रोच्या टी-मनी कार्डात पैसे ठेवा. १३३० हा पर्यटकांसाठीचा मदत क्रमांक, तिथे इंग्रजीत बोलता येतं.

जुनीपाटी

बाबांच्या शंकेला उत्तर. सेट आहे, पण तो बाजूला आहे. पहिल्या दरवाजातून आत गेलात की डावीकडे ओढ्यापलीकडे राजवाडे, घरं, गल्ल्या दिसतात, ते सगळं दूरचित्रवाणीच्या ऐतिहासिक मालिकांसाठी बांधलेलं. वेगळं तिकीट, न घेतलं तरी काही बिघडत नाही. वाट आणि दरवाजे मात्र खरे. फक्त 'खरे' म्हणजे किती, ते दरवाजागणिक बदलतं.

जोसन राजवटीच्या काळात राजधानी हानयांग, म्हणजे आजचं सोल, आणि आग्नेय किनाऱ्यावरचं डोंगने, आजचं बुसान, यांना जोडणारा याँगनामचा, म्हणजे आग्नेय कोरियाचा, महामार्ग याच खिंडीतून जायचा. तरी तिला तटबंदी नव्हती. १५९२ मध्ये जपानी सैन्य बुसानला उतरून वर सरकलं, तेव्हा सेनापती सिन रिप याने ही अरुंद खिंड अडवायचं सोडून मागे चुंगजूला थांगुमदे इथे नदी पाठीशी घेऊन मोकळ्यावर लढाई दिली. सैन्य कापलं गेलं, तोही गेला. शत्रू खिंडीतून बिनविरोध आला होता. दोनच वर्षांनी, १५९४ मध्ये, आज जिथे दुसरा दरवाजा आहे तिथे पहिली तटबंदी झाली. घोडा गेल्यावर पागेला कडी! उरलेली तटबंदी आणि पहिला-तिसरा दरवाजा तर १७०८ चे. पहिल्याचं तोंड दक्षिणेच्या शत्रूकडे, तिसऱ्याचं उत्तरेच्या. दोन्ही दरवाजांत उभं राहून पुढची बाजू कुठली ते बाबांना ओळखायला सांगा, किल्ले बघितलेला माणूस लगेच ओळखेल.

तिघांत पहिला दरवाजा सर्वांत चांगला टिकलेला. दुसऱ्या-तिसऱ्याची लाकडी माडी १९०७ च्या धामधुमीत गेली, खाली दगडी कमान तेवढी उरली. वरचं लाकूडकाम १९७० च्या दशकातलं. तेव्हा निवाडा साधा: कमानीचा दगड जुना, माडीचं रंगीत छत नवं. वाटेतला ग्योग्विजाँग मंडपही असाच. ग्याँगसांग प्रांताचा जुना आणि नवा सुभेदार इथे समोरासमोर येऊन कारभाराची मोहोर सुपूर्द करायचे. १८९६ मध्ये तो जळाला, १९९९ मध्ये पुन्हा उभा केला. शेजारचा वाकडा पाइन मात्र पुनर्बांधणीतला नाही.

रस्ता डांबरी का झाला नाही, याचं कारण शेजारच्या खिंडीत आहे. १९२५ मध्ये मोटाररस्ता इह्वार्याँगवरून काढला, रहदारी तिकडे वळली आणि सेजे आपसूक वाचली. १९८१ मध्ये प्रांतिक उद्यान, २००७ मध्ये राष्ट्रीय निसर्गस्थळांच्या यादीत ३२ वा क्रमांक. आजची रुंदी मात्र जोसनकाळची समजू नका. तेव्हाची पायवाट किती अरुंद होती ते बघायचं तर मोठ्या रस्त्यालगत झाडीत शिरणारे जुन्या परीक्षा-वाटेचे तुकडे आहेत, त्यावर पाट्या आहेत. दुसऱ्या दरवाजाच्या वर ते जास्त मिळतात. बाबांना तिकडून न्या, आई मोठ्या रस्त्याने येतील. पुढे दोन्ही वाटा पुन्हा मिळतात.

परीक्षा-वाट म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेल्या याँगनामच्या उमेदवारांची. डोंगर ओलांडायला आणखी दोन खिंडी होत्या, चुपुंगन्याँग आणि जुंगन्याँग. पण एकीच्या नावात पानगळ ऐकू येते, दुसरीच्या नावात बांबू. एकीवरून गेलं तर पानासारखं गळू, दुसरीवरून गेलं तर बांबूवरून घसरावं तसं घसरू, या भीतीने उमेदवार सेजेच धरायचे. शिवाय 'मुनग्याँग' या नावाचा अर्थच शुभवार्ता ऐकणं. परीक्षेआधी दहीसाखर खाणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक दगड चुकवू नका. ग्योग्विजाँग सोडून दुसऱ्या दरवाजाकडे जाताना रस्त्याकडेला दीड मीटरच्या आसपास उंचीची, न घडवलेली शिळा उभी आहे. तिच्यावर उभी चारच अक्षरं: सान-बुल-द्यो-सिम. डोंगरातल्या वणव्यापासून सावध. त्या काळचे शिलालेख चिनी लिपीत असायचे, हा मात्र निखळ हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, कारण तो वाटसरूंनी आणि लाकूडतोड्यांनी वाचायचा होता. आज 'जोसिम' म्हणतात, इथे 'द्योसिम' आहे. द चा ज झाला त्याआधीचं हे रूप. कोरियन अक्षरं नुकती शिकणाऱ्यालाही ती चार अक्षरं जुळवता येतात.

पाइनच्या बुंध्यांवर माणसाच्या कमरेएवढ्या उंचीला व्हीच्या आकाराचे खोल वार दिसतील. ती नक्षी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी राजवटीने इंधनासाठी राळ काढली, त्याचे व्रण. झाड वाढलं, साल पुन्हा काही धरली नाही.

सुवोनवासी

जुनीपाटी, बाबांना हे वाचून दाखवलं. सेटचा विषय संपला, आता ते कमानी मोजायला निघालेत.

राहिलं अनवाणी चालणं आणि खाणं. आणि घाटवाट, आईचं म्हणणं की उतारच दुखतो, मग साडेसहा किलोमीटर उतार कशाला?

मुरूमवाला

अनवाणी चालतात हे खरं, आणि ते चालतात म्हणूनच रस्ता तसा राखलाय. वर जो थर आहे त्याला तिकडे मासातो म्हणतात. आपल्या मुरमाचा भाऊच, पण बेसॉल्टचा नव्हे, झिजलेल्या ग्रॅनाइटचा. पसरून रोलर फिरवतात. पाणी लगेच झिरपतं, म्हणून पावसानंतर चिखल होत नाही. मुसळधार पावसात मात्र बारीक भाग वाहून जातो आणि वर नुसती खडी उरते, मग पुन्हा थर द्यावा लागतो. अशा जागा पायाला लगेच कळतात.

बुटांसाठी यातलं महत्त्वाचं असं: कोरड्या दिवशी दाबलेल्या थरावर दोन-चार मिलिमीटरचे सुटे कण लोळत असतात. गुळगुळीत तळव्याचा बूट त्यावर ठेवला की फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं होतं. घसरण चढताना नाही, उतरताना, आणि बहुतेकदा वळणाच्या आतल्या बाजूला. जाड ट्रेकिंग बुटांची गरज नाही, पण तळव्याच्या खाचा शाबूत असलेले चालायचे बूट हवेत. पुण्याहून आणलेले झिजके बूट आधी उलटे करून बघा. आईंना दोन काठ्या द्या. एक काठी असली की माणूस तिच्यावर कलतो आणि दुसऱ्या गुडघ्यावर भार जातो. उतरताना काठी थोडी लांब, चढताना थोडी आखूड.

आता अनवाणी. बाबांनी नको. मधुमेहात तळव्याची संवेदना हळूहळू कमी होते आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. त्या मुरमात गारगोटीचे धारदार कण असतात. टोचलं तर आपण पाय उचलतो, ज्याला टोचलेलं कळतच नाही तो तीन किलोमीटर जखमेवर चालतो. शिवाय ऑक्टोबरअखेर सकाळची जमीन इतकी गार असते की धडधाकट माणसाचेही तळवे बधिर होतात. बाबांना बूट, कोरडे मोजे, पिशवीत मोज्यांची एक जादा जोडी, आणि परतल्यावर बोटांच्या मधल्या बेचक्यांसकट पाय बघायचे.

तुम्हाला आणि आईंना हौस असेल तर दुपारी, ऊन पडल्यावर, पहिल्या-दुसऱ्या दरवाजांमधल्या टप्प्यात. तिथला थर जास्त नीट असतो. सवय नसेल तर १५-२० मिनिटं पुरे. बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून पिशवीला लटकवा. खालच्या अंगाला पाय धुवायच्या जागा केलेल्या आहेत, पण टॉवेल आपला न्यावा लागतो. लोक तोच विसरतात आणि मग ओल्या पायांत मोजे चढवतात.

पानपान

खाण्याचं थोडं कडक बोलते, कारण कोरियात 'भाजी आहे' आणि 'शाकाहारी आहे' यांत दरी आहे.

सेजेच्या पायथ्याशी खानावळींची रांग आहे. त्यांचा अभिमान याकदोल्द्वेजी, म्हणजे औषधी दगडाची पूड घातलेला चारा खाऊन वाढवलेली डुकरं. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे सान्चे बिबिम्बाप, रानभाज्या घातलेला भात. मागताना म्हणा, 'गोगी, सेंगसन, ग्येरान पे जुसेयो', म्हणजे मांस, मासे, अंडं वगळा. एवढ्याने अंडं टळतं. गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, वेगळ्या वाटीत मागा आणि परतलेला आहे का विचारा, कारण परतलेल्यात बहुधा खिमा असतो. साधा गोचुजांग चालेल. भातातली तपकिरी, काड्यांसारखी भाजी म्हणजे गोसारी, नेच्याचे कोवळे कोंब. पलीकडच्या त्या वस्तीचं नावही तेच.

बरोबर येणारं द्वेन्जांगचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप सोडा, त्याचा रस बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीचा असतो. किमचीत सहसा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं, तीही बाजूला. दोतोरीमुक, म्हणजे ओकच्या फळांच्या पिठाची वडी, स्वतः निखळ शाकाहारी. सोया सॉसमध्ये कालवलेली घ्या, रश्शातली नको. गामजाजॉन हा बटाट्याचा किसून केलेला धिरड्यासारखा प्रकार सर्वांत सुरक्षित, फक्त तवा आणि तेल कशाचं ते बघा.

ओमिजाचं लालभडक सरबत मुनग्याँगची खासियत आहे. नावाचा अर्थच पाच चवींचं फळ. आईंना जरूर द्या. बाबांना दोन घोट. ते फळ साधारण तितक्याच वजनाच्या साखरेत मुरवून त्याचा पाक करतात, ग्लासात तोच असतो.

आणि खरं सांगायचं तर दशम्या-चटणी बरोबर न्या. दरवाजांच्या वर भरवशाचं शाकाहारी जेवण धरून चालू नका, आणि मधुमेह्याची जेवणाची वेळ खानावळीच्या हवाली करायची नसते. बाबांच्या खिशात साखरेच्या गोळ्या हव्यात, पिशवीत नव्हे. शेगडी पेटवायची नाही, जुनीपाटींनी सांगितलेली शिळा उगाच उभी नाही. पाण्याला तिसऱ्या दरवाजाजवळ झरा आहे. अशा झऱ्यांशी पाणी तपासल्याचा कागद लावलेला असतो. निकालाच्या रकान्यात दोन अक्षरं असतील तर पिण्यायोग्य, तीन असतील आणि पहिलं 'बु' असेल तर अयोग्य. आईबाबांना वाचता येणार नाही, तुम्ही बघा.

रूळओलांड

घाटवाट, तुमच्या बेतावर माझा एक आक्षेप आहे. उत्तरेकडून एकदा तिसरा दरवाजा ओलांडला की मधे सुटका नाही. वाहनं बंद. विजेवर चालणारी छोटी गाडी आहे, पण ती खालून पहिल्या दरवाजापलीकडच्या सेटपर्यंतच येते, वर नाही. दुसऱ्या दरवाजाशी आईंचा गुडघा अडला तर पुढे ३ किलोमीटर, मागे साडेतीन आणि वर चढ. १५ मिनिटांत हाकेला येईल असं तिथे काहीच नाही.

शिवाय बघण्यासारखं आहे कुठे? जुने शिलास्तंभ, सरकारी सराईचे अवशेष, पुन्हा उभारलेली वाटसरूंची खानावळ, ग्योग्विजाँग, योंगचूचा धबधबा, ती शिळा, सगळं पहिल्या आणि दुसऱ्या दरवाजांमध्ये. दुसऱ्याजवळचा मोठा धबधबा तर माणसाने केलेला आहे, त्याला भुलू नका. वरचे साडेतीन किलोमीटर म्हणजे छान रान, पण रानच. मी दक्षिणेकडून दुसऱ्या दरवाजापर्यंत जाऊन परत फिरायला सांगेन. वाहनतळापासून जाऊन-येऊन ८ किलोमीटर, कुठूनही माघारी वळता येतं.

घाटवाट

सुटकेचा मुद्दा मान्य. आईंचा गुडघा उतारावर जास्त दुखतो हे पहिल्याच प्रश्नात लिहिलेलं होतं, ते मी हलकं घेतलं. साडेचार टक्क्यांचा उतार गुडघ्याला फारसा जाणवत नाही, पावणेआठचा सलग साडेतीन किलोमीटर जाणवू शकतो. थकवा विसरायला चढ आधी घ्या हे माझं सूत्र धडधाकट माणसासाठी ठीक.

मग असं करा. दोन्ही तिकिटं मुनग्याँगचीच काढा आणि दक्षिणेकडूनच शिरा. वाहनतळाशेजारी जुन्या वाटांचं संग्रहालय आहे, ते परतताना ठेवा, दमलेल्या पायांना बसायला बरं. सावकाश चालत दुसऱ्या दरवाजाशी या. तिथे घड्याळ बघा. साडेबाराच्या आत असाल, बाबा ताजे असतील, तर तुम्ही दोघं वर तिसऱ्यापर्यंत जाऊन परत या: चढायला सव्वा तास, उतरायला तास, वर थांबायला अर्धा. आई तोवर परतीच्या वाटेवर योंगचूपाशी किंवा त्या खानावळीच्या आसपास. साडेबारा उलटले असतील तर वर जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. आईंच्या फोनमध्ये कोरियन सिम हवं, नाहीतर ताटातूट करू नका.

काही झालंच तर ११९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. डोंगरात जागोजाग पिवळ्या पाट्या दिसतात, दोन कोरियन अक्षरं आणि पुढे चार-चार आकडे. तो त्या जागेचा राष्ट्रीय क्रमांक. पत्ता समजावत बसण्यापेक्षा तेवढा सांगितला की पथकाला जागा कळते. जाताना दर दिसणाऱ्या पाटीचा फोटो काढत चला.

दोन किरकोळ गोष्टी. गडद रंगाचे कपडे टाळा, ऑक्टोबरात गांधीलमाश्या अजून असतात आणि काळ्यावर जास्त तुटून पडतात. आणि शरदात, सहसा १ नोव्हेंबरच्या सुमारास, वणव्याच्या मोसमाचे निर्बंध लागू होतात. त्यात जुहुलसानसारख्या शिखरांच्या काही वाटा बंद होऊ शकतात, दरवाजांची मुख्य वाट चालू असते. तुम्ही मुख्य वाटेवरच राहणार, तेव्हा अडचण नाही.

जुनीपाटी

बाबांचं मन एवढ्यावर भरलं नाही आणि दुसरा दिवस मिळाला, तर शेजारची हानुलजे खिंड बघा. नोंद असलेली कोरियातली सर्वांत जुनी वाट, प्राचीन कोरियातल्या शिल्ला राज्याच्या आदाला राजाने इसवी सन १५६ मध्ये काढलेली. चुंगजूच्या बाजूने मिरुक-री गावातून चाला, तिकडे मातीची रानवाट आहे. मुनग्याँगच्या बाजूने डांबरी रस्ता थेट खिंडीत येतो, त्यात मजा नाही. जायला साधारण दोन किलोमीटर, यायला दोन, आईंनाही जमेल. गावाच्या तोंडाशी पडक्या विहाराचं आवार आहे. त्यातली दगडी बुद्धमूर्ती उत्तरेकडे तोंड करून उभी आहे. मुक्काम सुआनबोला करा. तिथलं पाणी जमिनीतून ५३ अंशांवर येतं. सार्वजनिक स्नानगृहात कपडे काढूनच उतरतात, ते आईबाबांना रुचणार नसेल तर गावात पाय सोडून बसायच्या उघड्या कुंड्या आहेत. बाबांचा पाय त्यात घालण्याआधी पाणी तुमच्या हाताने बघा, मुरूमवाल्यांनी सांगितलेलं कारण इथेही तेच.

सुवोनवासी

परतीचं तिकीट आधी काढलं, मंगळवारचं. बाबांचे बूट व्हिडिओ कॉलवर उलटे करून पाहिले. टाच सपाट झालीय, नवे घ्यायला सांगितलेत.